चित्रमहर्षींच्या गालावरचा तीळ

कला अमर आहे, कलावंत अमर आहे, आणि कलावंताची स्मृती जपणारी तसबीर तर अमराहूनही अमर आहे! मित्रांनो, हे वाक्य माझे नाही. माझ्या अनावरणाच्या दिवशी प्रमुख पाहुणे ते म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला, त्या हादऱ्याने माझा खिळा निसटला आणि मी थेट पाहुण्यांच्या पायाच्या अंगठ्यावर आले. पुढचे भाषण त्यांनी एका पायावर केले.

मी एक जुनी तसबीर आहे. एका चित्रशाळेच्या दालनात, जिन्यासमोरच्या भिंतीवर राहते. व्याकरणाने मी स्त्रीलिंगी, पण माझ्यात रंगवलेल्या गृहस्थांना छातीपर्यंत दाढी आहे. व्याकरण आणि दाढी यांच्या भांडणात मी कधी पडले नाही. तुम्हीही पडू नका, उगाच गुण जातात.

हे गृहस्थ म्हणजे पाश्चात्त्य प्रबोधनकाळातले एक थोर चित्रकार. चित्रशाळेत त्यांना 'चित्रमहर्षी' म्हणतात. त्यांच्या पाठीमागे त्यांचे सारे आयुष्य लहान लहान दृश्यांत रंगवले आहे. एका कोपऱ्यात गुरूच्या कार्यशाळेत रंग घोटणारा पोरगा. वर, छताखालच्या मचाणावर उताणा पडून चित्र काढणारा तरुण. त्याच्या डोळ्यांत रंगाचे थेंब पडताहेत. मध्येच पाखराचा पंख उलगडून पाहणारा प्रौढ. आणि खाली, अर्धवट राहिलेली चित्रे खेचरावर लादून परक्या राजाच्या आश्रयाला निघालेला म्हातारा. मधोमध चित्रमहर्षी स्वतः : डाव्या हातात कुंचला, करंगळी वर उचललेली, उजव्या गालावर तीळ, आणि नजर समोरच्या माणसाच्या गळ्यावर.

हो, गळ्यावर. डोळ्यांवर नाही. जाणकार म्हणत, "ही नजर माणसाच्या आत पाहते." आत वगैरे काही पाहत नव्हती. त्याचे कारण असे.

मला रंगवणारा पेंटर मुळात दुकानांच्या पाट्या करणारा. 'येथे चपला दुरुस्त होतील' यातला 'दु' तो असा काढी की चांगल्या चपलेला तुटावेसे वाटे. चित्रशाळेने त्याला चित्रमहर्षींची तसबीर करायला सांगितले आणि पेंटर घामाघूम झाला. महर्षी दिसायला कसे होते? पुस्तकात शोधायचे तर पुस्तक वाचावे लागते, आणि पेंटरला सवय अक्षरे रंगवायची. मागची सारी दृश्ये कुणाकुणाकडून ऐकून रंगवून झाली. मधोमध मात्र कोरा कॅनव्हास. ठरलेला दिवस जवळ येऊ लागला तशी त्याची झोप उडाली, दाढी वाढली, आणि शेवटी दाढी तरी करून घ्यावी म्हणून तो कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेला.

तिथे खुर्चीत मान मागे टाकून बसला असता त्याला आरशात एक चेहरा दिसला. स्वतःचा नव्हे, वस्तरा धरलेल्या सलूनकाकांचा. करंगळी वर, ओठ किंचित मिटलेले, नजर गळ्यावरच्या एका केसावर. बाहेर हातगाडी उलटली, माणसे ओरडली, पण काकांची पापणी लवली नाही. पेंटर फेसाच्या तोंडानेच ओरडला, "सापडला!" वस्तरा चार बोटे मागे घेऊन काका म्हणाले, "काय सापडलं ते नंतर सांग. आत्ता बोललास तर नरडं सापडेल."

पेंटर मग रोज दाढी करायला जाऊ लागला. खुर्चीत बसून आरशातले काका कागदावर उतरवायचे आणि घरी येऊन माझ्यावर चढवायचे. आरशात उजवा हात डावा दिसतो हे तुम्हाला ठाऊक आहे. पेंटरलाही ठाऊक होते, फक्त ऐन वेळी विसरला. त्यामुळे काकांच्या उजव्या हातातला वस्तरा माझ्या डाव्या हातातला कुंचला झाला, आणि त्यांच्या डाव्या गालावरचा तीळ माझ्या उजव्या गालावर आला. दाढी तेवढी पेंटरने पदरची घातली. गादीतला कापूस उसवून, समोर ठेवून रंगवली. जन्मभर लोकांच्या दाढ्या उतरवणाऱ्या माणसाला अशी कधीच न उतरणारी दाढी चिकटली.

अनावरणाच्या दिवशी (अंगठ्याच्या प्रसंगानंतर) एक विद्वान उभे राहिले. "चित्रमहर्षी डावखुरे होते, ही गोष्ट फार थोड्या अभ्यासकांना माहीत आहे. पेंटरसाहेबांचा व्यासंग पाहून मी थक्क झालो!" पेंटरने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. त्या विनयावर त्याला मोठ्या शहरात कामे मिळाली आणि तो तिकडचाच झाला.

जाण्यापूर्वी तो काकांना घेऊन माझ्यापुढे उभा राहिला होता. काकांनी दाढीकडे बोट केले.

"अरे, माझा चेहरा घेतलास ते घेतलास. पण ही दाढी? गिऱ्हाईकांनी ओळखलं तर म्हणतील, ह्याची स्वतःचीच अशी, आमची काय करणार?"

"ओळखलं तर दाढीचं राहू दे, सगळंच जाईल. हिला उतरवून अडगळीच्या खोलीत टाकतील. मोडक्या खुर्च्यांखाली. काका, तोंडातून ब्र काढायचा नाही."

काकांनी शब्द दिला. सांगितले फक्त घरी काकूंना. बायकोला सांगणे ते सांगण्यात थोडेच धरतात?

मी धास्तावले होते. गावातले निम्मे पुरुष त्या सलूनमध्ये जात. कुणीतरी एक दिवस बोट दाखवील आणि माझी रवानगी होईल, या भीतीने माझा रंग नीट वाळेना. पण कुणीही ओळखले नाही. सलूनमध्ये माणूस स्वतःच्याच चेहऱ्याकडे पाहतो, नाहीतर डोळे मिटून घेतो. आरशात आपल्यामागे दुसरा कुणी उभा आहे, हे त्याच्या गावीही नसते.

मग एके सकाळी काका वस्तऱ्याला धार लावता लावता बसले ते उठलेच नाहीत.

काकूंनी घर धुंडाळले. काकांचा एकही फोटो नव्हता. कुणी फोटोचा विषय काढला की ते म्हणत, "दिवसभर आरशात असतो मी. आणखी फोटो कशाला?" सलून आवरले त्या दिवशी काकू त्या मोठ्या आरशापुढे जाऊन उभ्या राहिल्या. आरशात रिकामी खुर्ची होती आणि त्या स्वतः होत्या. तिथून त्या तडक माझ्याकडे आल्या.

पण आल्या आणि हिरमुसल्या. चेहरा काकांचाच, तरी कुठेतरी चुकलेला. तीळ भलत्या गालावर, भांग भलत्या बाजूला. गावाने काका पाहिले होते ते आरशातले. काकूंनी पाहिले होते ते समोरासमोर बसलेले. मग त्यांनी माझ्याकडे पाठ केली, पिशवीतून हातात मावेल एवढा आरसा काढला आणि खांद्यावरून मागे पाहिले. तीळ आपल्या जागी होता. काका होते.

तेव्हापासून त्या येत राहिल्या. बाकावर माझ्याकडे पाठ करून बसायच्या आणि आरशात पाहायच्या. सगळ्या चित्रशाळेची समजूत अशी की बाई नटवी आहे. रखवालदार तर रोज छेडायचा.

"काकू, या वयात कुणासाठी एवढं आरशात बघणं?"

"आहे एक दाढीवाला. तुला नाही सांगायची."

माझी स्थिती पुढे खालावत गेली. माझ्यावर धूळ बसली. वर्गातल्या मुलांनी खेचराला कंपासने टोचून पाहिले. एका समारंभात माझ्यावर इतका प्रखर दिवा लावला की दाढीला भेगा गेल्या. तरी भिंत होती, आणि पाठमोऱ्या का होईना, काकू होत्या. माझे काही म्हणणे नव्हते.

मग नवे प्राचार्य आले. नवे म्हणजे पदाला नवे. गावातलेच, याच चित्रशाळेत शिकलेले. त्यांच्या हाती परदेशातून एक जाडजूड पुस्तक आले. त्यात चित्रमहर्षींचा त्यांच्याच काळातला छापील चेहरा होता. लांब नाक, बसलेले गाल, तीळ नाही. प्राचार्यांनी पुस्तक माझ्याशेजारी धरले आणि म्हणाले, "हे काय भलतंच!" चित्रशाळेचा वर्धापनदिन तोंडावर आला होता. एका मोठ्या संग्रहालयाचे पाहुणे येणार होते. सभा भरली. चहा झाला. ठराव झाला : तसबिरीची सफाई करून चेहरा पुस्तकाबरहुकूम दुरुस्त करून घ्यावा.

सांगा मित्रांनो, ऑपरेशनच्या टेबलावर तुम्हाला कुणी 'आता तुम्हाला दुसऱ्याचं नाक लावतो' म्हणाले तर?

चित्रदुरुस्तीचे काम करणाऱ्या ताई आल्या. त्यांना आपण दुरुस्तीताई म्हणू. मला भिंतीवरून उतरवून दालनातच चित्राच्या लाकडी घोडीवर उभे केले. दुरुस्तीताई वाईट नव्हत्या, हीच तर अडचण होती. त्या हात धुऊन पुसून माझ्याकडे येत, बांबूच्या काडीला कापूस गुंडाळत, तो द्रावणात बुडवून माझ्यावर अलगद फिरवत. कापूस पिवळा, मग तपकिरी होई आणि खाली माझा खरा रंग उघडा पडे. त्यांनी सुरुवात कडेपासून केली. रंग घोटणारा पोरगा उजळला. मचाणावरच्या तरुणाच्या डोळ्यांतले थेंब दिसू लागले. खेचर पांढरे आहे हे मलाही तेव्हाच कळले. एरवी मी सुखावले असते. पण प्रत्येक काडी मध्याच्या दिशेने सरकत होती, आणि माझ्याजवळच्या तिवईवर ते जाडे पुस्तक लांब नाकाच्या पानावर उघडे ठेवले होते.

काकू रोज येत होत्या. ठराव त्यांना रखवालदाराकडून कळला होता. त्या काही बोलत नव्हत्या. बोलल्या तर मी अडगळीत जाणार होते आणि अडगळीच्या खोलीला कुलूप असते. नाही बोलल्या तर चेहरा जाणार होता. काकूंच्या आरशात मला त्यांचे डोळे दिसत.

शेवटच्या दुपारी दाढी साफ झाली. दुरुस्तीताईंनी नवी काडी घेतली आणि भिंग लावून माझ्या उजव्या गालावर वाकल्या.

"माशीची घाण," त्या स्वतःशी म्हणाल्या. "किती घट्ट बसलीय."

जुन्या चित्रांवर माश्या बसतात, ठिपके सोडून जातात, ते काढावेच लागतात. हा मात्र ठिपका नव्हता. ओला कापूस तिळावर टेकला. गार लागला. मग चुरचुरला. एकदा फिरला. दोनदा. तिळाची एक कड कापसावर गेली. मला ओरडायचे होते. पण मला तोंड आहे ते रंगवलेले, आणि तेही मिटलेले.

बाकावर आरसा खाली आला.

"अहो ताई, थांबा! काय पुसताय?"

दुरुस्तीताई दचकल्या. "घाण आहे, काकू. माशीची."

"घाण कसली? तीळ आहे तो!"

"या चित्रकाराला तीळ नव्हता. हे बघा, पुस्तकात आहे ना."

"त्यांना नसेल. ह्यांना होता!"

मित्रांनो, 'हे' हा आपल्या भाषेतला एक साधा शब्द. हे झाड, हे घर. पण बाईमाणसाने आवाज जरासा खाली आणून 'ह्यांना' म्हटले की त्याचा अर्थ पृथ्वीतलावर एकच असतो, आणि तो शेंबड्या पोरालाही कळतो. इतकी वर्षे दातांमागे दाबून ठेवलेले गुपित त्या दोन अक्षरांतून निसटले. काकूंनी तोंडावर हात ठेवला. उशीर झाला होता. दुरुस्तीताईंची काडी हवेतच राहिली, आणि जिन्यावरून उतरणारे प्राचार्य मधल्या पायरीवर थांबले.

"ह्यांना म्हणजे कुणाला?"

काकूंनी सगळे सांगितले. आरसा, पेंटर, सलून, सगळे. प्राचार्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही एका... उद्या पाहुणे येणार आहेत! ताई, पुसा. तीळ नको, नाक नको, काही नको. अख्खा चेहरा पुसा आणि पुस्तकातला काढा. आत्ताच्या आत्ता."

"सर, वरवरची घाण काढणं वेगळं. हा मूळ रंग आहे. एकदा गेला की गेला."

"जाऊ दे. आणि बाई, तुम्ही म्हणता त्याला पुरावा काय? उद्या कुणीही येऊन म्हणेल, हे माझे आजोबा."

दुरुस्तीताईंनी सुस्कारा टाकून दुसरी बाटली उघडली. तिचा वास पहिलीहून उग्र होता. त्यांनी मोठा बोळा केला. एवढा मोठा बोळा मी आयुष्यात पाहिला नव्हता.

काकू एकदम म्हणाल्या, "सर, तुम्ही दाढी कुठे करायचात?"

"हा काय प्रश्न झाला?"

"पहिल्या मिसरुडापासून आमच्याकडेच करायचात. दुकान बंद होईपर्यंत."

"करत असेन. मग?"

"दाढी करणारा माणूस दिसायला कसा होता?"

प्राचार्यांनी तोंड उघडले. "कसा म्हणजे... चांगला होता. हात हलका होता. कधी ओरखडा म्हणून नाही."

"चेहरा कसा होता?"

प्राचार्यांनी पुन्हा तोंड उघडले आणि या वेळी ते तसेच राहिले. वर्षानुवर्षे ज्याच्या हाती आपला गळा दिला, त्याचा चेहरा त्यांना आठवेना. मला त्यांची दयाच आली.

"बसा त्या खुर्चीत," घोडीसमोरची दुरुस्तीताईंची खुर्ची दाखवत काकू म्हणाल्या.

"काकू, मी प्राचार्य आहे इथला."

"म्हणूनच 'बसा' म्हटलं. नाहीतर 'बस' म्हटलं असतं. लहानपणी पाट टाकून बसवायचे तुम्हाला खुर्चीवर."

प्राचार्य बसले. का बसले ते त्यांनाही ठाऊक नसावे. काकूंनी माझ्यावर पांघरायची पांढरी चादर उचलली, फटकन झटकली, प्राचार्यांच्या गळ्याभोवती घेतली आणि मानेमागे गाठ मारली. मी घोडीवर असल्याने बरोबर त्यांच्यासमोर, थोडी वर होते. भिंतीवर टांगलेली असताना मला सगळ्यांनी उभ्याने, हात मागे बांधून पाहिले होते. बसून, मान मागे टाकून, गळ्याला चादर लावून कुणी पाहिले नव्हते.

"मान मागे," काकू म्हणाल्या.

मान मागे गेली. माझी नजर होती तिथेच होती. प्राचार्यांच्या गळ्यावर.

क्षणभर काही झाले नाही. दुरुस्तीताईंच्या बोळ्यातून एक थेंब फरशीवर पडला. मग प्राचार्यांची हनुवटी आपसूक वर झाली. कुणी सांगितले नव्हते. त्यांची जीभ आतून गालाला लागली आणि गाल फुगला, वस्तऱ्याला सोपे जावे म्हणून फुगवतात तसा. डोळे अर्धे मिटले. आणि फेस तोंडात जाऊ नये म्हणून ओठ न हलवता बोलतात तशा आवाजात ते मला म्हणाले,

"काका, कल्ले जरा समान घ्या."

मग ते सरळ बसले, माझ्याकडे पाहिले, आणि या वेळी खरेच पाहिले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी आले होते. ते द्रावणाच्या वासाने आले, असे त्यांनी नंतर सर्वांना सांगितले.

ते उठले. चादर गळ्यातच होती. घसा खाकरून त्यांनी सभेतला आवाज काढला : "चेहऱ्याचं काम तूर्त थांबवावं. विषय गहन आहे. अधिक संशोधनाची गरज आहे." आणि चादरीसकट जिना चढून गेले.

ते संशोधन अजून चालू आहे. जाडे पुस्तक कपाटावर ठेवले आहे, अशा उंचीवर की शिडीशिवाय हात पोचू नये.

राहिला तीळ. त्याची कड पुसली गेली होती. दुरुस्तीताईंनी बारीक कुंचला घेतला आणि काकूंना जवळ बोलावले. माझ्या इतक्या जवळ काकू तोंड समोर करून कधीच आल्या नव्हत्या.

"केवढा होता, काकू? गोल?"

"गोल नाही. खालच्या अंगाला जरा चेपलेला. रोज स्वतःची दाढी करताना तिथेच कापून घ्यायचे. गावाला ओरखडा नाही, आणि घरी आले की गालावर तुरटी!"

"काळा?"

"काळा नका करू. धार लावायचा चामड्याचा पट्टा असतो ना, तसा. हां. अजून थोडा खाली. आता बास... बास." मग त्या हळूच म्हणाल्या, "आता आहे."

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाचे पाहुणे आले. माझ्यापुढे बराच वेळ थांबले. त्यांतले एक जण तिळाकडे बोट करून म्हणाले, "हा बारकावा आमच्याकडच्या कुठल्याच चित्रात नाही!" प्राचार्य म्हणाले, "नसणारच." यापलीकडे ते बोलले नाहीत. काकू बाकावर बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. पाहुण्यांपैकी एकाने विचारले, "या कोण?" रखवालदार म्हणाला, "ह्यांच्या घरच्या आहेत," आणि माझ्याकडे मान हलवली.

मित्रांनो, आम्हां तसबिरींची काळजी घ्या. आमच्या खाली एकाचे नाव असते, चेहरा कधी कधी दुसऱ्याचा असतो, आणि बघायला येणारा तिसरा कुणी त्या दुसऱ्यासाठीच येतो. त्यामुळे डाग दिसला की लगेच पुसायला धावू नका. आधी विचारा. ओले फडके फिरवू नका, टोचू नका, दिवे जवळ आणू नका. आणि पुढच्या खेपेला दाढीला, केस कापायला बसाल, तेव्हा आरशात एकदा आपल्या चेहऱ्यामागेही पाहा. तिथे कुणीतरी जीव ओतून काम करत असते. चित्रमहर्षींच्या साऱ्या थोर आयुष्याचे सारही, मला वाटते, याहून फार वेगळे नसावे.

एवढेच सांगायचे होते. आणि हो, आता निघालाच आहात तर जिन्यावरची ती खिडकी तेवढी लोटून घ्या. ऊन थेट नाकावर येते आहे.